ओइवाचं पा-पा

ओइवाने समोरचा कागद पाहिला आणि शेजारी बसलेल्या ताइस्तोकडे सरकवला. "तुझा कागद माझ्याकडे आलाय. यात चाल आहे."

त्याचं काही चुकलं नव्हतं. गावातल्या आगीच्या बंबवाल्यांच्या सभागृहात सातजणांचा हा पितळी वाद्यांचा ताफा दर रविवारी जमायचा, आणि चाल असायची ती कायम ताइस्तोच्या कॉर्नेटची. ओइवाच्या आल्टो हॉर्नच्या वाट्याला ट्युबाच्या 'उम्'नंतरचं 'पा-पा'. एक्केचाळीस वर्षं तेच.

"कागद तुमचाच आहे, ओइवाकाका," सिल्या म्हणाली. ही पोरगी याच सभागृहात खेळत वाढली, आता हेलसिंकीहून संगीत शिकून आली होती. आजोबांच्या वेळचेच मार्च वाजवणाऱ्या या ताफ्यासाठी तिने नवीन रचना लिहून आणली होती. "चाल तुम्ही वाजवायची. पा-पा ताइस्तोकाका वाजवतील."

ट्युबावाला खो खो हसला. ताइस्तोचे कान लाल झाले. "पा-पा काय, झोपेतसुद्धा वाजवीन!"

ओइवा हॉर्न पेटीत ठेवू लागला. "मला नाही जमायचं, पोरी. दुसरा कुणी बघ."

"दुसरा कुठून आणू? सातांत आठवा नसतो. तुम्ही उठलात, तर हे सगळे कागद सौनाच्या चुलीत घालते."

ओइवाने खिडकीबाहेरच्या बर्फाकडे पाहिलं आणि हॉर्न पुन्हा पेटीतून काढला. मग कोटाच्या खिशात ऊब घेत पडलेला माउथपीस त्याने काढला आणि हॉर्नला लावला.

चाल सुरू झाली. आधी बिचकत, मग ती मोकळी चालू लागली. जाड, मऊ आवाज, राय धान्याच्या ताज्या पावासारखा. असा माणूस इतकी वर्षं आपल्यात बसून होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, याची ऐकणाऱ्याला लाज वाटावी, इतकं सुंदर वाजवत होता तो.

आणि मध्येच गाडं अडलं. अडला तो ताइस्तो. त्याचं 'पा-पा' एकदा ट्युबावर जाऊन आदळलं, दुसऱ्यांदा हरवलंच. त्याने कॉर्नेट मांडीवर ठेवलं, कपाळावरचा घाम पुसला.

"मेल्या, हे तू मोजतोस तरी कसं?"

ओइवाने फुंकून फुंकून हॉर्नमध्ये साचलेलं पाणी झटकलं.

"मोजतो कुठे? एक्केचाळीस वर्षं तुझंच तर ऐकत होतो."