शेवटची ओळ

यशवंतराव मास्तरांचे कागद आणि फोटो काही केल्या जुळेनात. शुगरमुळे डोळ्याच्या पडद्याचं काय होतं, या अभ्यासासाठी एकोणनव्वद सालापासून बोथ गावच्या नेत्रशिबिरात मी त्यांना दर वर्षी तपासत होतो. हैदराबादहून धुऊन आलेल्या फोटोंत पडद्यावरचे रक्ताचे डाग वर्षागणिक पसरत गेले होते आणि यंदा दोन्ही डोळ्यांत मधोमध काळंच होतं. नजरेच्या रकान्यात मात्र तिन्ही वर्षं माझ्याच अक्षरात एकच नोंद होती: शेवटची ओळ बिनचूक वाचली. मी मास्तरांना पुन्हा बोलावलं. ते यायच्या आधी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता काढून टेबलावर पालथा ठेवला. भिंतीवर नुसता खिळा उरला. पत्नी दमयंतीबाईंच्या पावलामागे पाऊल टाकत मास्तर आत आले आणि खुर्चीत ताठ बसले. "रिपोर्ट शाळेत तर नाई ना जात, साहेब? नोकरीची दोनच वर्सं राह्यली." "नाही जात," मी म्हणालो. "वाचा." एक डोळा तळहाताने झाकून, वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात त्यांनी ओळीमागून ओळ वाचली. दाराशी उभ्या दमयंतीबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. मग बाईंची नजर खिळ्याकडे गेली आणि ओठ थांबले. मास्तर थांबले नाहीत. शेवटची ओळ संपवून, कोऱ्या भिंतीकडे बोट दाखवत ते म्हणाले, "शेवटलं अक्षर लय पुसट झालं, साहेब. नवा तक्ता मागवून घ्या."