सिल्वोच्या भिरभिऱ्याची पाती

"कोणाचा विश्वास बसणार नाही, नेझिका, पण आज एक साळुंकी सिल्वोच्या भिरभिऱ्यावर बसली, गरगरली आणि थेट वाइनच्या पिंपात पडली. बाहेर आली ती गातच."

"कुठलं गाणं?" अंगणातल्या बाकावरून नेझिकानं विचारलं.

"लग्नातलं. तेही बेसूर."

नेझिका हसली. डोळे गेल्यापासून ती हसायची ती फक्त नवऱ्याच्या थापांना. टिनेकच्या थापा हालोझेच्या सगळ्या टेकड्यांवर ठाऊक होत्या. आग लागली म्हणून तो ओरडत आला, तरी लोक आधी हातातला ग्लास संपवत.

समोरच्या टेकडीवर भिरभिरं वाजत होतं. वाऱ्यानं पाती फिरत, पात्यांबरोबर दांडा फिरे, आणि दांड्यावरच्या खुंट्या चार लाकडी मोगऱ्यांना एकेक करून उचलून चेरीच्या लाकडाच्या फळीवर आपटत. एक मोगरी जड, पुढच्या तीन क्रमानं हलक्या होत गेलेल्या. त्या आवाजानं पाखरं द्राक्षांच्या वाटेला जात नसत. जुलैत संत याकोबाच्या सणाला भिरभिरं खांबावर चढवायचं आणि द्राक्षं निघाल्यावर, नोव्हेंबरात संत मार्टिनच्या सणाला उतरवायचं.

"ती मुलगी या घरात येणार नाही," असं मुलानं, सिल्वोनं, लग्नाचा विषय काढला तेव्हा नेझिका म्हणाली होती. त्याच दिवशी सिल्वो टेकडीवरच्या मळ्यातल्या खोलीत राहायला गेला. खाली कधी आला नाही. पण दर उन्हाळ्यात त्याचं भिरभिरं वाजायला लागे, आणि त्याची आई ते ऐकत बाकावर बसून राही.

यंदा मात्र पाती टिनेकनं कोरली होती. जुनी गेल्या मार्टिनला उतरवताना त्या भल्या उंच खांबावरून खाली आली आणि मोडली. नेझिका तेव्हा डोळ्यांसाठी प्तुयच्या हॉस्पिटलात होती. दांडा, मोगऱ्या, फळी, सगळं शाबूत होतं. टिनेकनं सिल्वोची वाकडी सुरी घेतली, पण ती हातात नीट बसेना. मग ती ठेवून त्यानं आपली घेतली. आवाज फळीत असतो, पात्यांत कुठला, असं तो स्वतःशीच म्हणाला.

नेझिकाला त्यानं सांगितलं, सिल्वोनं कोरली.

"किती दिवस तिला निरोप बनवून सांगणार आहेस?" शेजारच्या लोयझकानं कुंपणावरून विचारलं.

"आयुष्यभर माझ्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकीनं तरी ठेवू दे."

"आणि कळलं तर?"

"डॉक्टर म्हणाला, तिचं काळीज आता कागदाचं आहे." टिनेक घराकडे वळला. लोयझकाही आत गेली.

रोज संध्याकाळी निरोप येत राहिले. सिल्वोनं खोकल्याचं विचारलंय. सिल्वो म्हणतो, आईच्या हातच्या भोपळ्याच्या बियांच्या तेलाची सर कशाला नाही. नेझिकाही निरोप द्यायची.

"त्याला म्हणावं, लहानपणी मी तुझा डावा हात पट्ट्याला बांधून तुला जेवायला बसवायची. चुकलंच माझं म्हणावं."

टिनेक मान हलवायचा. मग तिला दिसत नाही हे आठवून "सांगतो" म्हणायचा.

मार्टिनच्या सणाला त्यानं भिरभिरं उतरवलं आणि घरी आला. टेबलावर भाजलेला हंस होता, लाल कोबी होता. उन्हाळाभर नेझिका म्हणत आली होती, मार्टिनला सिल्वो जेवायला येईल. ताटं मात्र तिनं दोनच मांडली होती.

टिनेकनं घसा साफ केला. "कोणाचा विश्वास बसणार नाही, नेझिका, पण सिल्वो आज काय म्हणाला माहितीये? नाताळला त्या मुलीला घेऊनच..."

नेझिकानं टेबलावर बोटांनी वाजवलं. आधी सगळ्यात हलका ठोका, मग चढत चढत जड.

"यंदा उन्हाळाभर हे असं वाजलं," ती म्हणाली. मग पुन्हा वाजवलं. आधी जड, मग उतरत उतरत हलका. "सिल्वोचं असं वाजायचं. डावऱ्यानं कोरलेली पाती उलटी फिरतात, टिनेक. आणि जिवंत असता, तर त्यानं आपल्या खांबाला दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता."

टिनेकनं तोंड उघडलं.

"पुरे थापा," नेझिका म्हणाली. "कुठे पुरलंत माझ्या लेकाला?"