बत्तीस हजारांचा हिशेब

“बत्तीस हजार पगार म्हणता न्हवं? मग मांडा की परत,” साळुबाई म्हणाली आणि पिशवीतून कॅलेंडरचं घडी घातलेलं पान काढून तिने पुनमचंद शेठच्या गादीवर पसरलं.

घोडेगावातल्या त्या भुसार दुकानात ती दर महिन्याच्या सहा तारखेला यायची. डोंगरातल्या वाडीवरून सकाळची एसटी, बायकांचं अर्धं तिकीट, आधी बँकेत पासबुक भरून घ्यायचं, मग शेठ.

पान पाच वर्षांपूर्वीचं. तिच्या सुदर्शनने पुण्यात मास कम्युनिकेशनची डिग्री करायचं काढलं, तेव्हा पानाच्या कोऱ्या बाजूवर शेठनेच हिशेब लिहिला होता. कर्ज पाच लाख. हप्ता आठ हजार तीनशे. पगार पस्तीस हजार, कारण कॉलेजच्या माहितीपुस्तकात तसं छापलं होतं. ‘नोकरी लागल्यापासून सात वर्षांत पोरगं मोकळं,’ असं म्हणून शेठ जामीनही राहिले. कागदावर कुठला धंदा बुडतो?

शेठने चष्मा लावला. मागे, गोणपाटाच्या पडद्याआड, गोदामात कुणीतरी पोती रचत होतं. धप्, धप्.

“बत्तीस. त्यातून हप्ता गेला. खोली सहा हजार. मेस चार. गाडीभाडं, मोबाईल धरा दोन,” शेठ पुटपुटले. “अकरा हजार सातशे उरले. उत्तम चाललंय त्याचं.”

“मग दिवाळीला गाडीभाड्याला दीडशे रुपयं नव्हतं व्हय त्याच्याकडं?”

“चॅनेलचं काम, साळुबाई. बातम्यांना कुठली आलीय दिवाळी?”

“दीड वरीस झालं, त्याचं त्वांड बघितलं न्हाई.” तिचा आवाज चढला. ती तशी मोठ्यानंच बोलायची. डोंगरातल्या माणसांना या वाडीवरून त्या वाडीला हाका मारायची सवय असते. “रविवारी फोन करतो. ‘बरा हाय’ म्हणतो आन ठेवतो. बोलाया शिकावं म्हणून पाच लाख घातलं, आन आईशी बोलाया दोन शबुद न्हाईत!”

गोदामातली धपधप थांबली. शेठने घाईने पेनचं टोपण लावलं.

“नवा हमाल आहे,” ते म्हणाले. “जरा बोलणं कानावर पडलं की काम सोडून उभा राहतो.”

“राहू द्या हो. पोती कुठं पळून चाललीत?” साळुबाई म्हणाली आणि पुन्हा तशाच चढ्या आवाजात बोलू लागली. “घरात मी एकली. दोन भाकरी थापते, एक उरते, सकाळी तीच खाते. म्हस इकली. आता शिळी भाकरी टाकायलाबी कुणी न्हाई. सांजच्याला दार लावलं की सकाळपतुर माझाच आवाज मला ऐकू येत न्हाई. असली किती वरसं काढू, शेठ? तुमच्या कागदावर अजून सहा दिसत्यात.”

शेठ कागदाकडे बघत राहिले.

“मला पाच हजार मिळवणारा चालंल,” ती म्हणाली. “पर घरात पायजे.”

“शिकलेलं पोरगं, वाडीवर येऊन काय करील? लोक हसतील त्याला.”

“लोक दोन दिस हसत्यात. तिसऱ्या दिशी त्यांचीबी पोरं पुन्यास्नं परत येत्यात.”

शेठला हसू आलं नाही. त्यांनी पानाची पहिल्यासारखी घडी घातली आणि तिच्या हातात दिली. पाच वर्षांपूर्वी हे पान लिहिताना त्यांच्या अक्षराला केवढा डौल होता! आता त्यांना ते बघवत नव्हतं.

“निघा आता,” ते हळूच म्हणाले. “साडेचारची गाडी चुकेल. मलाही दिवस मावळायच्या आत जेवायचंय.”

साळुबाईने पिशवीतून चटणीची बरणी काढली. दर खेपेला ती शेठसाठी चटणी आणायची. पहाटे लसणाचे सहा गड्डे सोलून, तिखट-मीठ घालून उखळात कुटलेली. शेठने ती दोन्ही हातांनी घेतली आणि मागच्या खेपेची रिकामी बरणी तिला परत दिली. बरणी आतून बोटाने पुसून घेतल्यासारखी लख्ख होती.

“फक्कड झाली होती हो,” शेठ म्हणाले. “दोन दिवसांत संपवली.”

“आवडती न्हवं?”

“म्हणजे काय! तुमच्या हाताची चव आहे ती.”

साळुबाई पायरीपर्यंत गेली आणि थांबली. रिकामी बरणी तिने पदराने पुसली, पुसायला काही नव्हतं तरी. मग ती परत वळली.

“शेठ, तुमच्या आईच्या हाताखाली मी धा वरसं ह्या घरात धान्य निवडलं,” ती म्हणाली. “तुमच्या सैपाकघरात लसणाची पाकळी कवा शिरलेली मी बघितली न्हाई.”

शेठच्या हातातली बरणी तशीच राहिली. साळुबाईने गोणपाटाच्या पडद्याकडे तोंड केलं. आता मोठ्यानं बोलायची गरज नव्हती.

“सुदर्शन, हात धू आन ये, बाळा. आज एक अर्धं आन एक पुरं तिकीट काढते.”