औषध लागू का पडत नाही

“दोष निघू दे रे देवा, एवढंच मागणं,” धाकटी पुटपुटली आणि स्वतःच चपापली. सख्ख्या भावात दोष निघावा म्हणून कुणी देव पाण्यात घालून बसतं का!

पण दोष निघाला, तरच दादा घरी राहणार होता.

दादा तिशीचा, अंगाने पैलवान. अक्षरांशी आणि आकड्यांशी त्याची जन्मात गट्टी जमली नव्हती. हल्ली तो रात्ररात्र येरझाऱ्या घालायचा, भिंतीवर डोकं आपटायचा. डॉक्टरीणबाईंची गोळी काही लागू पडत नव्हती. काहींचं शरीर जन्मतःच असं असतं, की औषध त्यात टिकतच नाही, असं त्या म्हणाल्या होत्या. म्हणून जनुकांची तपासणी. तसं निघालं, तर नुसती गोळी बदलायची. नाही निघालं, तर दादाची रवानगी संस्थेत. कायमची.

दवाखान्यात दादाचं नाव पुकारलं गेलं. शेजारच्या खुर्चीत आई पेंगत होती.

“आई, ऊठ ना!”

“तुम्ही व्हा पुढे. आलेच मी.”

आत दादा ऐटीत बसला. धाकटी खुर्चीच्या टोकावर.

“जनुकं ठणठणीत आहेत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

धाकटीने दादाचा हात धरला. “म्हणजे... संस्था?”

“थांब जरा. त्याच्या रक्तात आम्ही औषधही शोधलं. टिपूससुद्धा नाही. गोळी देतं कोण?”

“तो स्वतः घेतो. आईने शिकवलंय. घड्याळ चुकेल, दादा नाही चुकणार!”

“पण पोटात जाते का?”

धाकटी वळली. “दादा, गोळी फेकतोस का रे? खरं सांग. मी नाही ओरडणार.”

“हॅट! औषध कुणी फेकतं का? वेडी!”

“मग करतोस काय तिचं?”

दादाने दाराकडे पाहिलं. मोठं गुपित सांगावं तसा तो तिच्या कानाशी वाकला, पण त्याचं कुजबुजणं नेहमीच अख्ख्या खोलीला ऐकू जायचं.

“ज्याला झोप येत नाही, जीव घाबरतो, त्याची गोळी आहे ना ती? मला नाही गं भीती वाटत. आईला वाटते. ‘मी गेल्यावर याचं कसं होईल’ म्हणून रडते. मी चहात घालतो तिच्या. आज दोन घातल्या, जास्त घाबरली होती ना.”