ग्लिसरीनला आवाज नसतो

“कट! हे काय रडणं आहे? मांजर शिंकल्यासारखं!”

अकरावा टेक वाया गेला. दिग्दर्शकानं कपाळावर हात मारून घेतला. आवाजबंद पेटीचं दार उघडून कॅमेरामन बाहेर आला, घामानं निथळत, माशासारखा तोंड उघडून. बोलपट आल्यापासून कॅमेऱ्यासकट त्यालाही त्या पेटीत कोंडत. नाहीतर कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये जायची.

सेटवर मधोमध एक रिकामी खाट होती. गोष्टीतली आई नुकतीच त्या खाटेवर मेली होती. खाटेला टेकून सात वर्षांची बेबी गुडघ्यांवर बसली होती. पोस्टरवर तिचं नाव बेबी होतं. खरं नाव कोणी विचारलं नव्हतं, आणि आता घरीही तिला बेबीच म्हणत. तिच्या गालांवर ग्लिसरीनचे थेंब ठरल्या जागी लोंबत होते. मूकपटात तेवढ्यावर भागायचं. थेंब ओघळला की थिएटरातल्या बाया डोळे पुसायच्या. आता लोकांना हुंदका ऐकायचा होता, आणि हुंदका बाटलीत मिळत नव्हता.

“बाई, इकडे या!” दिग्दर्शकानं बेबीच्या आईला हाक मारली. “तुमची पोरगी आहे की दगड? या वयाची पोरं फुगा फुटला तरी गळा काढतात.”

“तिला वळणच तसं लावलंय, साहेब,” आई ताठ मानेनं म्हणाली. “रडली की मेकअप उतरतो. मग पुन्हा तासभर रंगवत बसा. चार दणके दिले पहिल्या चित्रपटाच्या वेळी. तेव्हापासून टिपूस नाही.”

“तुमचं वळण माझ्या मुळावर आलंय. जेवणाच्या सुट्टीपर्यंत हुंदका मिळाला नाही, तर हिला पाठमोरी बसवतो आणि मॅनेजरच्या भाचीचा आवाज घालतो. पुढची ठरलेली तिन्ही चित्रंही मग भाचीलाच. तसाच फ्रॉक घालून सकाळपासून बाहेर बसलीय ती.”

सुट्टीला वीस मिनिटं होती.

आईच्या तोंडचं पाणी पळालं. ती स्वतः दहा वर्षं मूकपटातल्या गर्दीत उभी राहिलेली बाई. त्या दहा वर्षांत पडद्यावर तिचा चेहरा एकदाही धड दिसला नव्हता. पोरीचा दिसला, भिंतीएवढा. मग पोरीची शाळा सुटली, खेळणं सुटलं. पहाटे चारला तिला उठवून ती स्टुडिओत आणत होती, रात्री संवाद घोकून घेत होती. लोक म्हणत, आई असावी तर अशी.

“एकच उपाय आहे,” दिग्दर्शक आवाज खाली आणून म्हणाला. “तिला सांगतो, आई तुला टाकून गेली. तुम्ही मात्र मध्ये तडमडायचं नाही.”

आईनं पोरीकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

“सांगा,” ती म्हणाली. “पण टेक झाल्या झाल्या मला तिला पोटाशी घेऊ द्या. माझा जीव आहे हो तिच्यावर.”

आईला फ्लोअरबाहेर, ध्वनिमुद्रकाच्या कोंदट खोलीत नेऊन बसवलं. तिथून सेट दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. ध्वनिमुद्रकानं एक हेडफोन स्वतःच्या कानांवर चढवला, दुसरा तिच्या हातात दिला. फ्लोअरच्या दारावरचा लाल दिवा लागला. तो लागला की दाराला हात लावणाऱ्याची नोकरी जायची.

आईच्या कानात लेकीचा श्वास आला. माइक खाटेच्या उशाशीच लपवला होता. मग दिग्दर्शकाची कुजबुज आली.

“बेबी, तुझी आई गेली. बोचकं घेऊन गेली. तू नकोशी झालीस तिला.”

श्वाससुद्धा थांबला.

“कधीच नाही येणार, काका?”

“कधीच नाही.”

आईच्या काळजाचं पाणी झालं. तिनं हेडफोन फेकला आणि धावत सुटली. धावतानाही चपला काढायला विसरली नाही, माइकची सवय. लाल दिव्याखालचं, आवाज अडवायला गादी ठोकलेलं दार तिनं ढकललं. ते आवाज न करता उघडलं. उजेडाच्या कडेला ती उभी राहिली, हात पसरून, ओठ घट्ट मिटून.

बेबीनं मान वर केली. तिला आई दिसली.

आणि बांध फुटला. असा हुंदका त्या फ्लोअरवर कोणी ऐकला नव्हता. पोटातून, बेंबीच्या देठापासून. पोरगी खाटेची कड धरून थरथरत होती. वर मचाणावर दिवेवाल्यानं तोंड फिरवलं. दिग्दर्शक हात वर धरून उभा होता. संपू दे. पूर्ण संपू दे.

“कट! ओके! पुढची तिन्ही चित्रं बेबीची!”

टाळ्या पडल्या. आईनं लेकीला उचलून घट्ट आवळलं. लेक लाकडासारखी ताठ होती आणि रडतच होती. “बघा,” कोणीतरी नाक ओढत म्हणालं, “आईला पाहिलं आणि काळीज फुटलं लेकराचं.”

पोरीला मेकअपवाल्याच्या हवाली करून आई तिथं राहिलेलं पाकीट घ्यायला ध्वनिमुद्रकाच्या खोलीत परतली. जेवणाची सुट्टी झाली होती. तो अजून जागेवरच बसून होता.

“ऐकलंत ना?” ती डोळे पुसत, हसत म्हणाली. “मला पाहिल्याबरोबर कशी फुटली! माया लपून राहत नाही हो.”

“तुम्ही हेडफोन टाकून पळालात,” तो म्हणाला. “माझ्या कानांवर होता.”

“मग?”

“साहेब पाठ फिरवून निघाले होते. त्यांच्या मागून ती पुटपुटली. ‘गळ्याशपथ?’ म्हणाली.” त्यानं मान खाली घातली. “आणि हसली. दीड वर्ष तिचा आवाज टिपतोय मी, बाई. तिला हसताना आज पहिल्यांदा ऐकलं.”