कावळघाटाची बंद वाट

वनरक्षक बाळारामने सळई जमिनीत रोवली आणि तिचा इअरफोन शैलजाताई राऊळांच्या कानात अडकवला. सळईतून मातीतलं सगळं ऐकू येई, गांडुळांची सरसर, मुरणाऱ्या पाण्याची चुळचूळ. तो आवाज परतल्याशिवाय घाटातली वाट उघडायची नाही, आणि ज्यांनी ती मळवली त्यांनीच ऐकून निर्णय द्यायचा, असा कायदा झाला होता.

या वाटेने शैलजाताईंनी तीस वर्षं ट्रेकर्सना वरच्या पठारावर नेलं होतं. इतक्या पावलांनी माती दगडासारखी घट्ट होऊन मुकी झाली, म्हणून वाट बंद केली, त्याला बारा वर्षं झाली. आता बहात्तराव्या वर्षी त्यांना ते पठार पुन्हा एकदा पाहायचं होतं.

कडेच्या रानात माती भरभरून बोलत होती. वाटेवर सळई रोवली, तेव्हा मात्र काहीच ऐकू आलं नाही.

"अजून घट्टच आहे रे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे आता पुढची तपासणी दहा वर्षांनी." बाळाराम जरा घुटमळला. "ताई, तुम्ही जाऊन या. मी बघितलं नाही म्हणेन. एका माणसानं काय होतंय?"

"मी नेलेला प्रत्येकजणही एकच माणूस होता, बाळाराम."

त्यांनी सळईच्या यंत्रावर 'बंद' नोंदवलं आणि बराच वेळ वर बघत राहिल्या.

"तू पलीकडच्या उभ्या कातळावरून चढून गस्तीला जातोस ना? पठारावर आता काय आहे?"

"तुमचे तंबू लागायचे, तिथं अंजनीची रोपं आलीत. कमरेएवढी."

"कमरेएवढी?"

"हो, ताई."

शैलजाताईंनी त्याचा हात धरला आणि त्या सावकाश गावाकडे उतरू लागल्या.

"सांग," त्या म्हणाल्या, "अजून काय काय आलंय?"