तुपाचं झाकण

ज्याला तूप हवं त्याने डब्याच्या झाकणावर बोट ठेवायचं. झाकण रक्त तपासायचं, मगच उघडायचं.

"कोलेस्टेरॉल जास्त आहे," झाकण म्हणालं. " तूप मिळणार नाही."

"रोज फिरतो, तळलेलं खात नाही, तंबाखूला शिवत नाही!" त्र्यंबकराव कडाडले. "एका आकड्यापायी पुरणपोळी कोरडी गिळू?" त्यांनी वाढणाऱ्या बायकोचा हात ओढला. "सुलभा, तू ठेव बोट."

"अहो, माझं कशाला?"

लग्नापासून ती सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं जेवायची. झाकणाला तिचं बोट कधी लागलंच नव्हतं.

"कोलेस्टेरॉल ठीक," झाकण म्हणालं, "पण साखर आणि रक्तदाब फार वाढलेत. हृदयाला मोठा धोका आहे. छातीत दुखतं?"

सुलभाने पदराने घाम पुसला.

"सकाळपासून. म्हटलं, सगळ्यांची जेवणं होऊ देत."